घरच्या पुस्तकांवर टिपणं लिहिताय? या चुका टाळा

कपाटातली पुस्तकं एकेक करून बाहेर काढावीत आणि प्रत्येकाबद्दल चार ओळी लिहाव्यात, असं पुष्कळांच्या मनात येतं. दिवाळीच्या साफसफाईत सुरुवातही होते. पंधरावीस पुस्तकं झाली की वही बंद पडते, आणि लिहून झालेली पानं वर्षभराने वाचली तर कुठल्याही परीक्षणातून उचलल्यासारखी वाटतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं. टिपण पुस्तकावर लिहिलं जातं, आपल्या प्रतीवर नाही. कथानक, लेखकाचा परिचय, गौरवाचे शब्द सगळीकडे मिळतात. तुमची प्रत कुठून आली, कोणत्या पानावर वाचन थांबलं, समासात कुणाच्या हाताने खूण केली, हे मात्र तुमच्याच घरात आहे आणि लिहून ठेवलं नाही तर तिथेही राहत नाही.

आधी आवरणं, मग लिहिणं

उत्साहाच्या भरात सगळी पुस्तकं जमिनीवर येतात, विषयवार ढीग होतात, आणि मूळ रचना कायमची जाते. आजोबांनी वैद्यकाच्या पुस्तकाशेजारी पंचांग का ठेवलं होतं, हे त्या शेजारावरूनच कळणार असतं. म्हणून हात लावण्याआधी प्रत्येक कप्प्याचा समोरून, सरळ, दिवसाच्या उजेडात फोटो काढा. पुस्तकं दोन रांगांत असतील तर पुढची रांग काढून मागचीचा वेगळा. मराठी पुस्तकांच्या कण्यावरची नावं काही वरून खाली, काही खालून वर छापलेली असतात. फोटो मोठा करून ती वाचता येतात का, हे तिथल्या तिथे तपासा.

मग प्रत्येक प्रतीला चालू क्रमांक द्या. ग्रंथालयात याला दाखल क्रमांक म्हणतात. ‘अ कपाट, दुसरा कप्पा, सातवं’ असा जागेवरून क्रमांक दिला तर पुस्तक हललं की क्रमांक खोटा ठरतो. दाखल क्रमांक कधी बदलायचा नाही. जागा वेगळी लिहायची, तीही शिसपेनने.

पुस्तक काढताना कण्याच्या वरच्या टोकात बोट अडकवून ओढू नका, जुन्या बांधणीचं कापड तिथेच फाटतं. शेजारची दोन पुस्तकं बोटाने थोडी आत ढकला, मधलं पुढे आलं की कण्याच्या मध्यावर धरून काढा. त्यालाही जागा नसेल तर कप्पा गच्च भरला आहे. आधी त्यातली दोनतीन पुस्तकं दुसरीकडे हलवा.

साल चुकवणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. टिपणात ‘१९५२ सालचं पुस्तक’ असं लिहिलेलं असतं, आणि प्रत प्रत्यक्षात १९७८ ची निघते, कारण प्रथमावृत्तीचं साल उचललेलं असतं. पुस्तकाचं नाव छापलेल्या आतल्या पानाची मागची बाजू पूर्ण वाचा. आपल्याकडे मजकुरात काडीचा बदल न करता पुन्हा छापलेल्या पुस्तकालाही ‘दुसरी आवृत्ती’ म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे ‘आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ यांतला फरक स्वतः ठरवत बसू नका. जे छापलंय तेच शब्द, त्याच क्रमाने उतरवा. मुद्रकाचं नाव-गावही घ्या. १८६७ च्या कायद्याने पुस्तकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव व ठिकाण छापणं बंधनकारक केलं होतं, म्हणून ते शेवटच्या पानावर कुठेतरी बारीक अक्षरात सापडतंच, निदान सापडायला हवं.

शके दिलं असेल तर इसवी साल काढायला सरसकट ७८ मिळवू नका. गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८, आणि जानेवारीपासून फाल्गुनाच्या शेवटापर्यंत ७९. भाद्रपद शके १८७० म्हणजे १९४८, पण माघ शके १८७० म्हणजे १९४९. पौष डिसेंबर-जानेवारीत पसरलेला असतो. तिथी दिली नसेल तर दोन्ही सालं जोडून लिहा.

सालच छापलेलं नसेल, किंवा ते पान फाटून गेलं असेल, तर पुरावे शोधा.

किंमत बघा. ‘२ रु. ८ आणे’ असं छापलं असेल तर पुस्तक बहुधा १९५७ च्या आधीचं, कारण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. ‘नवे पैसे’ असेल तर १९५७ ते १९६४ च्या आसपासचं, कारण १ जून १९६४ पासून ‘नवे’ हा शब्द गळला. ‘बहुधा’ अशासाठी की छापखान्याच्या जुन्या सवयी काही काळ पुढे रेंगाळत, आणि शिल्लक प्रतींवर नव्या किमतीचा रबरी शिक्का मारला जाई. शिक्का असेल तर दोन्ही किमती नोंदवा.

पत्ता बघा. पूर्वी ‘पुणे २’, ‘मुंबई ४’ असे विभाग क्रमांक असत. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. पिनकोड छापलेला असेल तर ती प्रत त्यानंतरचीच. पण उलट अनुमान काढू नका. पिनकोड आल्यावरही ‘पुणे ३०’ लिहिणारे प्रकाशक होतेच. नागपूरच्या पुस्तकावर ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असेल तर ते १९५० च्या आधीचं, आणि ‘नागपूर, मध्यप्रदेश’ असेल तर साधारण १९५० ते १९५६ मधलं, कारण १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला.

शुद्धलेखन बघा. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘पुस्तकें’ असे अनुच्चारित अनुस्वार जागोजागी असतील तर जुळणी मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांआधीची असण्याचा संभव मोठा. इथे एक फसगत होते. जुन्या पानांचे फोटो घेऊन ऑफसेटवर काढलेल्या पुनर्मुद्रणात हे अनुस्वार तसेच राहतात, म्हणजे लेखन जुनं आणि कागद नवा. तेव्हा पानाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवा. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईचा दाब बहुतेक वेळा उठून जाणवतो, ऑफसेटचं पान सपाट असतं.

एवढं करूनही साल पक्कं झालं नाही तर ‘अंदाजे १९५७–६४, किमतीवरून’ असं कारणासकट लिहा. नुसतं ‘१९६०’ लिहिलं तर पुढचा माणूस ते खरं धरून चालतो.

‘छान पुस्तक, ओघवती भाषा’

असं टिपण लिहून काहीच नोंदवलं जात नाही. आठवणीतून लिहिलं की हेच होतं, कारण आठवणीत मत उरतं, तपशील उरत नाही. पुस्तक हातात घेऊन, उघडून, पानं चाळून लिहा. पाककृतींच्या एखाद्या जुन्या पुस्तकाचं टिपण असं होऊ शकतं:

‘क्र. ४१. तिसरी आवृत्ती, साल नाही, किंमत ३ रु. ५० न. पै. पान ८७, अनारसे: छापील “साखर” शिसपेनने खोडून वर “गूळ”. त्याच पानावर तुपाचे डाग. पान ११२, मुरांबा: समोर फुली, कारण कळत नाही. मासळीच्या प्रकरणाची पानं अजून करकरीत. ऐ.: पुस्तक मोठ्या काकूंनी लग्नानंतर आणलं. वा.: दुरुस्तीचं अक्षर त्यांचंच असावं.’

यात एकही विशेषण कौतुकाचं नाही, तरी एका घराचं स्वयंपाकघर दिसतं. मजकुरात दिसतं ते आधी आलं आहे. ‘ऐ.’ म्हणजे ऐकलेलं, ‘वा.’ म्हणजे वाटतं ते. या दोन खुणा न चुकता वापरा. कुटुंबात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी आणि पानावर दिसणाऱ्या गोष्टी एकाच वाक्यात मिसळल्या की दहा वर्षांनी खुद्द लिहिणाऱ्यालाही त्या वेगळ्या करता येत नाहीत.

स्वतःचं मत लिहूच नये असं नाही. टिपणाचा जीव तिथेच असतो. फक्त मताला पान जोडा. ‘शेवट पटला नाही’ याऐवजी कोणत्या पानावर, कुणाच्या कोणत्या कृतीशी विश्वास तुटला ते लिहा. आवृत्तीगणिक पानं बदलतात, म्हणून पानासोबत प्रकरणाचा क्रमांकही द्या. खाली तारीख टाका. पुढे मत बदललं तर जुनं खोडू नका, खाली नवी तारीख घालून दुसरं लिहा. विशीत भारावून वाचलेल्या पुस्तकाबद्दल पन्नाशीत काय वाटतं, हे दोन्ही टिपणं एकाखाली एक असतील तरच कळतं. पुस्तकांच्या संग्रहावर लिहिण्यातलं सगळ्यात मोलाचं हेच, असं आमचं ठाम मत आहे.

न वाचलेली पुस्तकं वगळण्याची चूकही सर्रास होते. लाज वाटते म्हणून ती मागच्या रांगेत जातात. उलट त्यांच्यावर आवर्जून लिहा: का घेतलं, कोणत्या पानापर्यंत पोचलो, तिथे काय आडवं आलं. पुस्तकातली खूण ४६ व्या पानावर अडकली असेल तर तो आकडा प्रामाणिकपणे उतरवा.

पुस्तकातच लिहिणं, चिकटवणं, टाचणं

बॉलपेनची शाई पातळ कागदावर मागे उमटते. जुन्या पुस्तकात लिहायचंच असेल तर दाखल क्रमांक तेवढा, एचबी शिसपेनने, हलक्या हाताने, शेवटच्या कोऱ्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात. बाकी टिपण कार्डावर. ५ बाय ३ इंचांची जाड कार्डं स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. एका प्रतीला एक कार्ड, आणि कार्डं चपलांच्या रिकाम्या खोक्यात क्रमाने उभी. वहीपेक्षा हे बरं, कारण पाच वर्षांनी त्याच पुस्तकावर आणखी लिहायला जागा लागते आणि वहीत ती मधे सापडत नाही.

चिकट चिठ्ठ्या काढल्या तरी त्यांचा चिकटा कागदावर राहतो आणि त्याला धूळ धरते. सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडते, सुटते आणि कायमचा तपकिरी पट्टा सोडून जाते. टाचणी आणि स्टेपल कोकणात, मुंबईत, गोव्यात दोन पावसाळ्यांतच गंजतात. वर्तमानपत्राचं कात्रण पानांत ठेवलं तर त्यातल्या आम्लाने समोरच्या दोन्ही पानांवर त्याच आकाराचा डाग पडतो.

पानांत सापडलेली जुनी तिकिटं, पत्रं, वाळलेली फुलं, कात्रणं काढून ठेवणं योग्यच. पण काढण्यापूर्वी ती कोणत्या दोन पानांमध्ये होती ते कार्डावर लिहा, मग कागदी पाकिटात घाला आणि पाकिटावर दाखल क्रमांक टाका. क्रमांकाविना ती ठेवली तर कोणत्या पुस्तकातून निघाली ते पुन्हा सांगता येत नाही.

पान फोटोसाठी सपाट उघडण्याच्या नादात पुष्कळ पुस्तकं मोडतात. नुसत्या गोंदाने बांधलेल्या, विशेषतः सत्तरच्या-ऐंशीच्या दशकांतल्या स्वस्त आवृत्त्यांचा गोंद ठिसूळ झालेला असतो. दाबलं की कण्यातून ‘कट’ असा आवाज येतो आणि पानांचा गठ्ठा हातात. काटकोनापेक्षा थोडंच जास्त उघडा, दोन्ही बाजूंच्या पुठ्ठ्यांखाली पुस्तकांचा आधार द्या, आणि एका वेळी एकाच पानाचा फोटो घ्या.

हे काम आषाढ-श्रावणात काढू नका. दमट हवेत उघडी पडलेली पुस्तकं ओलावा ओढतात आणि पुन्हा गच्च कप्प्यात गेली की बुरशी धरतात. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा कोरडा काळ उत्तम. बुरशी दिसलीच तर ओल्या फडक्याने पुसू नका, डाग कागदात मुरतो. ते पुस्तक वेगळं करा, सावलीत वाऱ्यावर पूर्ण वाळू द्या, आणि नाकातोंडावर मास्क लावून घराबाहेर मऊ ब्रशने झटका.

संगणकावर उतरवताना

कार्डांवरून एक्सेलमध्ये यादी करताना पहिली अडचण आयएसबीएनची, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाची येते. तेरा आकडे टाकले की त्याचं ‘९.७८’ने सुरू होणारं विचित्र रूप दिसतं, आणि जुन्या दहा आकडी क्रमांकाच्या सुरुवातीचं शून्य तर गळूनच पडतं. टाकण्यापूर्वी त्या स्तंभाचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा. नंतर केला तर गळलेलं शून्य परत येत नाही. १ जानेवारी २००७ पासून क्रमांक तेरा आकडी झाले. त्याआधीच्या प्रतींवर दहाच असतील, ते जसेच्या तसे लिहा.

फाइल सीएसव्ही (साध्या मजकुराच्या रूपातली यादी) करून ठेवताना ‘यूटीएफ-८’ असा उल्लेख असलेला पर्याय निवडा, नाहीतर सगळी देवनागरी प्रश्नचिन्हं होऊन बसते. याच कारणाने श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टिपणं टाइप करू नका. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर निरर्थक अक्षरं दिसतात. युनिकोडमध्येच लिहा.

नावांचा गोंधळ सगळ्यात चिवट. ‘वि.वा. शिरवाडकर’, ‘वि. वा. शिरवाडकर’ आणि ‘शिरवाडकर, वि. वा.’ हे संगणकाला तीन वेगळे लेखक वाटतात. आडनाव आधी, स्वल्पविराम, मग आद्याक्षरं आणि प्रत्येक टिंबानंतर एक जागा, असा एकच नियम ठरवा. कविता ‘कुसुमाग्रज’ या नावाने आणि नाटकं ‘शिरवाडकर’ या नावाने असतात, तेव्हा पुस्तकावर छापलेलं नाव एका स्तंभात आणि मूळ नाव दुसऱ्यात ठेवा. ‘ऱ्य’ हे जोडाक्षर दोन प्रकारे टाइप होतं, दिसायला सारखंच. एका प्रकारे शोधलं तर दुसऱ्या प्रकारे टाइप केलेलं कधीकधी सापडत नाही. कीबोर्ड एकच वापरला की ही कटकट बरीच टळते.

टिपणं इतरांना दाखवण्याआधी

‘सप्रेम भेट’ लिहिलेल्या पानाचे फोटो सरसकट पाठवू नका. त्यावर हयात माणसांची नावं, पत्ते, कधी फारच खासगी मजकूर असतो. नाव झाका, किंवा विचारून घ्या. सार्वजनिक वाचनालयाचा शिक्का असलेली प्रत निघाली तर त्यावर ‘रद्द’ किंवा ‘निर्लेखित’ असा दुसरा शिक्का आहे का बघा. नसेल तर टिपण कार्डावर ठेवा आणि पुस्तक वाचनालयाला परत करा.