एअरबॅगची लाईट घालवायला जायच्या आधी एवढं करून ठेवा

गणपतीत आठ दिवस गाडी जागची हलली नव्हती, पोरांनी खेळताना आतली लाईट चालू ठेवलेली ते कुणाच्या ध्यानात नाही, आणि सकाळी चावी फिरवली तर नुसतं टिकटिक. शेजारच्या काकांच्या गाडीवरनं जंपर लावून चालू केली खरी, पण मीटरमधी ती बसलेल्या माणसाची न् त्याच्या पुढ्यातल्या गोळ्याची लाल लाईट काय जाईना. मग कोल्हापूरच्या उद्यमनगरात, गॅरेजवाल्यांकडं, दोन फेऱ्या फुकट घालवल्या. तुमच्या जाऊ नयेत म्हणून लिहितोय.

आधी बॅटरी, लाईटचं नंतर. व्होल्टेज पार खाली गेलं की एअरबॅगचा कॉम्प्युटर तसा कोड, म्हणजे बिघाडाची खूण, साठवून ठेवतो. काही गाड्यांत बॅटरी नीट झाली की लाईट आपोआप जाते, बऱ्याच गाड्यांत स्कॅनर, म्हणजे कोड वाचायचं यंत्र, लावून कोड उडवावा लागतो, पण बॅटरी अर्धमेलीच ठेवून उडवला तर दुसऱ्या दिवशी सेल्फ मारला की पाहुणा परत हजर. माझी पहिली फेरी ह्याच्यातच गेली. मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र, कुणाकडनं तरी मागून आणा, रात्रभर गाडी बंद ठेवून सकाळी चालू करायच्या आधी बॅटरीवर लावून बघा, १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर फुल, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली असेल तर रात्रभर चार्जरवर लावायचीच. राजारामपुरीतनं रंकाळ्यापर्यंत एक चक्कर मारली की चार्ज होते असं समजू नका, तेवढ्यात काय होत नाही. मग गाडी चालू ठेवून बघा, १३.८ ते १४.५ च्या मधे दिसलं तर चार्जिंग ठीक, तेवढं पण नसेल तर अल्टरनेटर, म्हणजे चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो, दाखवा, नवीन बॅटरीत पैसे घालू नका उगाच.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर तीबी काढा. चावी बंद, दहाचा पाना, आधी मायनस सोडायचा, मग प्लस, आणि बसवताना उलटं, प्लस आधी न् मायनस शेवटी. गरम पाण्यात चिमूटभर खायचा सोडा न् जुना ब्रश, बास. घड्याळ मागं जाणार, काही गाड्यांत टेप परत चालू व्हायला त्याचा स्वतःचा कोड मागतो, तेवढा शोधून ठेवा.

आता सीटखाली. मोबाईलचा टॉर्च लावून नुसतं बघायचं, हात लावायचा नाही. एअरबॅगचे कनेक्टर बहुतेक पिवळे असतात. माझ्या ड्रायव्हर सीटखाली पावसाळ्यातली फोल्डिंग छत्री जाऊन बसलेली, दांडा बरोबर त्या पिवळ्या कनेक्टरच्या वायरीत अडकलेला, सीट मागंपुढं केली की वायर ताणली जायची. म्हणजे बॅटरीचा कोड उडाला असता तरी लाईट गेलीच नसती, दोन आजार एकदम होते. छत्री हळूच काढा, कनेक्टर मात्र मिस्त्रीला बघू द्या, आणि मल्टिमीटर हातात आहे म्हणून तिथं लावून बघायचा मोह अजिबात नको, मल्टिमीटरच्या बारीक करंटनं बॅग फुटू शकते. बॅटरी काढल्या काढल्या पण तिथं काम करू नये, टकरीत बॅटरीची वायर तुटली तरी बॅग फुटावी म्हणून आत कपॅसिटरमधे करंट धरून ठेवलेला असतो. तो उतरायला काही मिनिटं जाऊ द्यावी लागतात, नक्की किती ते गाडीच्या मॅन्युअलात असतंय.

दुसरी फेरी गेली स्कॅनरपायी. ब्लूटूथचं स्वस्तातलं जे यंत्र मिळतं ते बहुतेक वेळा इंजिनचेच कोड वाचतं, एअरबॅगचे त्याला दिसतच नाहीत. म्हणून निघायच्या आधी फोन करून सरळ विचारा, दादा, आमच्या ह्या मॉडेलचे एअरबॅगचे कोड वाचतोय न् उडवतोय का तुमचा स्कॅनर? मॉडेल, साल आणि पेट्रोल का डिझेल, तिन्ही सांगा. आरसी न् मॅन्युअल बरोबर घ्या, एक कागद-पेन पण, कारण कोड उडवायच्या आधी लिहून घ्यायचे आहेत, कुठला आत्ता चालू आहे न् कुठला जुना पडून आहे ते मिस्त्रीला विचारून. नुसता लो व्होल्टेजचा जुना असेल तर उडवा. सेन्सरचा किंवा स्टेअरिंगमधल्या क्लॉक स्प्रिंगचा (स्टेअरिंग फिरलं तरी करंट पोचवणारी गुंडाळलेली पट्टी) असेल तर आधी दुरुस्ती. मला एकानं "बल्बच काढून टाकू, कशाला खर्च" असं पण सुचवलं, हात जोडून निघालो तिथनं.

२०१९ किंवा २०२१ च्या महापुरात बुडालेली गाडी स्वस्तात घेतलेली असेल तर हे सगळं तुमच्यासाठी नाही, तिथं वायरिंग उघडूनच बघावं लागतं.

जाताना लाईट लागलेली आहे म्हणजे बॅग फुटेलच असं धरायचं नाही. बेल्ट लावा, पोरांना घरी ठेवा, हायवेला जाऊ नका.

काम झालं की पैसे द्यायच्या आधी चावी ऑन करून मीटरकडं बघा. लाईट लागून पाच-सहा सेकंदांनी विझली पाहिजे. लागलीच नाही तर खूश होऊ नका, कुणीतरी बल्ब काढलेला असू शकतो. गाडी बंद-चालू तीन-चारदा करा, सीट पुढं-मागं सरकवून बघा. माझी तिथं विझली, घरी येईपर्यंत विझलेलीच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारल्यावर पण. घड्याळ मात्र अजून बारावरच आहे.