मोटरहोमच्या खिडक्या: पावसाळ्याआधी मे महिन्यातच बघा

मोटरहोमच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या, राहत्या भागाच्या खिडक्या बहुधा काचेच्या नसतात, दुहेरी ॲक्रिलिकच्या, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या दोन थरांच्या असतात. कराड-सांगली पट्ट्यात गळीत हंगामात कारखान्यांची काळी राख गाडीवर बसते. ती कोरड्या फडक्याने पुसलीत की चरे पडलेच म्हणून समजा. आधी भरपूर पाणी सोडून राख वाहू द्या. मग अर्ध्या बादली पाण्यात चमचाभर भांड्यांचा लिक्विड साबण घालून मऊ मायक्रोफायबरने न दाबता पुसा. काच पुसायचा अमोनियाचा स्प्रे, स्पिरिट, थिनर, पेट्रोल यांना हात लावू नका. त्यांनी स्क्रू आणि बिजागऱ्यांभोवती, जिथे ताण असतो तिथे, केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि त्या परत भरून येत नाहीत.

दोन थरांमध्ये वाफ धरली असेल तर आतल्या बाजूच्या कोपऱ्यातली छोटी बुचं काढा, खिडकी कोरड्या उबदार जागी ठेवा, वाफ गेली की बुचं परत लावा.

खिडकीच्या कडेच्या रबराला तेल किंवा ग्रीस नको, ते फुगून सैल पडतं. फडक्यावर सिलिकॉन स्प्रे मारून तो फिरवा.

चौकटीतून पाणी झिरपत असेल तर वरून सिलिकॉन थापणं ही तात्पुरती मलमपट्टी. चौकट काढा, फट बुजवायचा जुना मसाला प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, नवी ब्यूटाइल टेप (फट बुजवायची चिकट रबरी पट्टी) लावा, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. महाबळेश्वरचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, त्यामुळे छतावरच्या झरोक्याची कडाही तपासाच.