टीबी-३०३: बेसचं जपानी यंत्र निवडावं कसं आणि त्यात भैरव भरावा कसा

१९८१ च्या अखेरीस जपानच्या रोलँड कंपनीने एक छोटं चंदेरी यंत्र बाजारात आणलं, टीबी-३०३. ते घडवणारे अभियंते तादाओ किकुमोतो. एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला साथीला बेस गिटारवाला मिळाला नाही, तर ती जागा या यंत्राने भरून काढावी, असा हेतू होता. पण त्यातून निघणारा आवाज बेस गिटारसारखा अजिबात नव्हता. सुमारे दहा हजार नग बनवून १९८४ मध्ये उत्पादन बंद झालं. जुन्या मालाच्या दुकानांत ते कमी पैशांत मिळू लागलं आणि म्हणूनच शिकागोतल्या तरुणांच्या हाती लागलं. फ्यूचर नावाच्या त्रिकुटाने त्याची बटणं हवी तशी फिरवून जो चिरका, वळवळणारा आवाज काढला, त्याची तबकडी १९८७ मध्ये निघाली. पुढे अ‍ॅसिड हाऊस म्हणून जगभर पसरलेल्या नृत्यसंगीताची ती सुरुवात मानली जाते.

पण त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ मध्ये, हेच यंत्र मुंबईत रागांसाठी वापरलं गेलं होतं. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणाऱ्या चरणजित सिंग यांनी टीबी-३०३, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन ‘सिंथेसाइझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. तेव्हा ती फारशी कुणाच्या कानावर गेली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली आणि जगभरचे लोक चकित झाले.

ही हकीकत सांगायचं कारण आहे. ३०३ मध्ये सुरावट भरणं फार किचकट, अशी त्याची ख्याती आहे आणि अनेक जण महिनाभरात कंटाळून ते विकून टाकतात. मला मात्र ठामपणे वाटतं, की ज्याला पेटीच्या पट्ट्या आणि सोळा मात्रा मोजणं ठाऊक आहे, त्याला हे यंत्र इतरांपेक्षा लवकर कळतं. कसं, ते पुढे येईलच. आधी खरेदी.

कोणतं घ्यायचं

मूळ १९८० च्या दशकातलं ३०३ घेण्याचा विचार सोडून द्या. आज त्याची किंमत काही लाखांच्या घरात जाते. शिवाय त्यातल्या सुरावटी बॅटरीच्या जोरावर टिकतात, म्हणजे सेल उतरले की केलेलं काम गेलं. त्यात मिडी (वाद्यं आणि संगणक एकमेकांशी जोडण्याची सामाईक पद्धत) जोडणीही नाही, कारण मिडी हे मानकच १९८३ चं.

नवशिक्यासाठी खरे पर्याय दोन. बेहरिंगरचं टीडी-३ हे २०१९ मध्ये आलेलं अ‍ॅनालॉग यंत्र मूळ मांडणीची जवळजवळ हुबेहूब नक्कल आहे. मूळ यंत्राच्या किमतीच्या दहाव्या भागातही ते सहज बसतं. दुसरं रोलँडचंच टीबी-०३, २०१६ चं. ते डिजिटल आहे, आकाराने लहान आहे, त्याला आकडे दाखवणारा पडदा आहे आणि ते सेलवरही चालतं. हातात सोल्डरिंगची सवय असेल तर एक्सॉक्सबॉक्स हा तिसरा मार्ग आहे. लिमोर फ्रीड यांनी २००५ मध्ये आणलेला हा सुट्या भागांचा संच घरी जुळवायचा असतो. पण पहिलंच यंत्र म्हणून तो घेऊ नका. आवाज आला नाही तर चूक जुळणीत आहे की वाजवण्यात, हेच कळणार नाही.

माझा कौल टीडी-३ ला. पडदा नसल्यामुळे माणूस कानाने काम करायला शिकतो.

विकत घेताना

पहिलं पाहायचं ते अ‍ॅडॉप्टर. परदेशातून कुणी आणून देणार असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं. जपानच्या घरगुती विजेचा दाब १०० व्होल्ट, अमेरिकेचा १२०, आपला २३०. अ‍ॅडॉप्टरवर ‘इनपुट १००–२४० व्होल्ट’ असं छापलेलं असेल तर तो इथे चालेल. फक्त १०० किंवा १२० लिहिलेलं असेल तर तो आपल्या सॉकेटमध्ये घालू नका. दुसरी गोष्ट पिनच्या ध्रुवांची. वायफायच्या राउटरला येणाऱ्या साध्या अ‍ॅडॉप्टरमध्ये बहुधा मधली पिन धन असते. संगीताच्या पुष्कळ उपकरणांना मात्र मधली पिन ऋण लागते. यंत्राच्या सॉकेटजवळ गोलाची छोटी आकृती छापलेली असते, तिच्याशी अ‍ॅडॉप्टरवरची आकृती ताडून पाहा. मी एकदा जुनं यंत्र घेतलं तेव्हा विकणाऱ्याने हाताला लागला तो अ‍ॅडॉप्टर डब्यात टाकून दिला होता. आकृती पाहिली म्हणून यंत्र वाचलं. योग्य अ‍ॅडॉप्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सहज मिळतो. यंत्र सोबत न्या आणि दुकानदाराला व्होल्ट, मिलिअँपिअर आणि ध्रुव तिन्ही दाखवा.

वापरलेलं यंत्र घेत असाल तर विकणाऱ्याला समोर सुरावट भरून दाखवायला सांगा. लांबचा सौदा असेल तर तुमच्यासाठी मुद्दाम काढलेला व्हिडिओ मागवा. त्यात चार गोष्टी दिसल्या पाहिजेत: तेराही पट्ट्या दाबल्यावर आवाज येतो, सगळी गोल बटणं फिरवताना खरखर होत नाही, अ‍ॅक्सेंट (निवडक स्वराला जोर) आणि स्लाइड (एका स्वरावरून पुढच्यावर घसरणं) दिल्यावर ऐकू येण्याइतका फरक पडतो, आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावर सुरावट जागेवर राहते. सेलची जागा असलेलं मॉडेल असेल तर तिचं झाकण उघडायला सांगा. सेल गळून पत्र्यांवर हिरवट-पांढरी बुरशी आली असेल तर मोह आवरा.

परदेशी दुकानातून मागवलं तर छापील किमतीवर भाडं, कस्टम ड्यूटी आणि जीएसटी चढतो. तो हिशेब आधी करा. पुष्कळदा इथल्याच दुकानातून बिलासह घेणं स्वस्त पडतं, आणि वॉरंटीसाठी जायला जागा राहते.

जोडणी

आवाज एकाच वाहिनीचा असतो. तो बाहेर काढायला गिटारची असते तशी जाड पिनची केबल लागते. ती अ‍ॅम्प्लिफायर, मिक्सर किंवा संगणकाच्या ऑडिओ इंटरफेसला जोडा. मोबाइलच्या स्पीकरवर या यंत्राची परीक्षा करू नका, खर्जाचा अर्धा भाग त्यातून ऐकूच येत नाही. चांगले हेडफोन पुरे. मात्र सुरू करताना आवाज अगदी कमी ठेवा. रेझोनन्सचं बटण (ते काय करतं, ते पुढे येतं) वर असताना निघणारी शीळ कानाला इजा करू शकते.

बटणं कशासाठी

आत स्वर निर्माण करणारं मंडल एकच. त्याची लहर दोनपैकी एक निवडता येते: करवतीची किंवा चौकोनी. करवतीची सणसणीत, चौकोनी किंचित पोकळ, क्लॅरिनेटच्या जातीची. ही लहर एका गाळणीतून जाते आणि खरी गंमत त्या गाळणीत आहे. कटऑफ म्हणजे गाळणी किती उघडी. रेझोनन्स म्हणजे गाळणीच्या कडेवरचा आवाज किती टोकदार. एन्व्हेलप मॉड म्हणजे प्रत्येक स्वराच्या आघाताबरोबर गाळणी किती उसळते, आणि डिके म्हणजे ती उसळी किती वेळात ओसरते. अ‍ॅक्सेंटचं बटण निवडक स्वरांना जोर देतं. लागोपाठच्या स्वरांना अ‍ॅक्सेंट दिला तर तो साठत जातो आणि दुसरा-तिसरा स्वर पहिल्यापेक्षा जास्त किंचाळतो. ही खोड मूळ यंत्रातली आहे आणि लोक तिच्यासाठीच ते घेतात.

उरलं ट्यूनिंग. ते आपल्यासाठी फार कामाचं आहे. तानपुऱ्याचं अ‍ॅप तुमच्या पट्टीत लावा, यंत्रावर पांढरी एक वाजवत ठेवा आणि ट्यूनिंग फिरवत षड्ज जुळवा. आता पांढरी एक हाच तुमचा सा. यंत्रावर पट्ट्या पेटीसारख्याच आहेत, पांढरी एक ते वरची पांढरी एक. त्यामुळे बाकीचे स्वर शोधावे लागत नाहीत.

सुरावट भरणं

लोक अडतात ते इथे. साध्या यंत्रात आपण वाजवतो तसं साठतं. ३०३ मध्ये स्वर वेगळे भरायचे आणि लय वेगळी. पिच मोडमध्ये फक्त स्वरांची ओळ: सा सा ग म. किती लांबीचे, कुठल्या मात्रेवर, याचा तिथे प्रश्नच नाही. मग टाइम मोडमध्ये सोळा घरं एकेक करून भरायची: इथे स्वर, इथे मागचा स्वर लांबवला, इथे विश्रांती. लांबवलेल्या आणि रिकाम्या घरांसाठी पिच मोडमध्ये काहीही भरायचं नसतं. हे एवढं ध्यानात ठेवलं की कोडं सुटतं. बंदिश शिकताना आपण आधी सरगम पाठ करतो आणि मग ती मात्रांवर बसवतो, तेच इथे करायचं आहे.

भैरव घेऊ. कोमल रे म्हणजे काळी एक, कोमल ध म्हणजे काळी चार, ग पांढरी तीन, म पांढरी चार, प पांढरी पाच.

मोडचं बटण पॅटर्न राइटवर आणा, रिकामी जागा निवडा, जुनं काही असेल तर पुसा. आता पिच मोड दाबून हे अकरा स्वर ओळीने वाजवा:

सा सा ग म रे सा ध प ग म रे

मग टाइम मोड. इथे डाऊन बटण म्हणजे स्वर, अप म्हणजे लांबवणं आणि अ‍ॅक्सेंट म्हणजे विश्रांती. चार-चार मात्रांच्या विभागांत असं भरा:

स्वर, लांबवणं, स्वर, विश्रांती
स्वर, स्वर, स्वर, स्वर
विश्रांती, स्वर, लांबवणं, स्वर
स्वर, स्वर, स्वर, विश्रांती

मोजून पाहा: स्वर अकरा, लांबवलेली घरं दोन, विश्रांती तीन, एकूण सोळा. नवव्या मात्रेवर, म्हणजे तीनतालात ‘खाली’ (टाळी न देता हात मोकळा सोडतात ती मात्रा) येते तिथे, मी मुद्दाम विश्रांती ठेवली आहे. बेस तिथे थांबला की समेकडे, म्हणजे पहिल्या मात्रेकडे, परत येण्याची ओढ लागते.

रन दाबा आणि ऐका. स्वर पुढे-मागे झालेले वाटले तर बहुतेक वेळा टाइम मोडमध्ये एक घर जास्त किंवा कमी दाबलं गेलेलं असतं. दुरुस्ती करत बसू नका. लय पुसून पुन्हा भरा, अर्धं मिनिट लागतं.

शेवटची पायरी स्लाइड आणि अ‍ॅक्सेंटची. पुन्हा पिच मोडमध्ये जा आणि राइट/नेक्स्ट बटणाने एकेक स्वरावर सरका. ते बटण दाबून धरलेलं असतानाच त्या स्वराला अ‍ॅक्सेंट किंवा स्लाइड द्या. पहिल्या सा ला आणि ध ला अ‍ॅक्सेंट द्या, दोन्ही म ना स्लाइड. म वर स्लाइड दिली की आवाज न तुटता रे वर घसरत येतो आणि ‘ग म रे’ ऐकताच भैरवाची सावली दिसते.

सावलीच म्हणतो, कारण यंत्राची मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. स्लाइडला लागणारा वेळ ठरलेला असतो, स्वरांतलं अंतर कितीही असो. मींड लांबवता येत नाही. भैरवाच्या रे-ध वरचं आंदोलन यात येत नाही, आणि रे पेटीचाच राहतो, गायकाच्या रे इतका उतरत नाही. त्यामुळे हे बेसचं अंग म्हणून वापरा आणि वर सतार, बासरी, गळा, जे असेल ते येऊ द्या. रे चं खरं काम वरच्याला करू द्या.

तबल्याशी लय जुळवताना

यंत्रावरचा टेम्पो पाश्चात्त्य पद्धतीने मोजतात: एका ठोक्यात चार घरं. म्हणून प्रत्येक घराला एक मात्रा धरली, तर टेम्पो ६० असताना मिनिटाला २४० मात्रा पडतात, म्हणजे द्रुत तीनताल आणि चार सेकंदांत एक आवर्तन. तबल्याच्या अ‍ॅपवर २४० लावा, यंत्रावर ६०. नृत्यासाठी १२० ते १३० ठेवला तर आवर्तन दोन सेकंदांच्या आसपास संपतं आणि तबल्याऐवजी ढोल-ताशाच्या अंगाचं तालयंत्रच बरोबर लागतं. टीडी-३ वर टेम्पोचा आकडा दिसत नाही. अ‍ॅप एका कानात आणि यंत्र दुसऱ्या कानात घेऊन सम जुळवा, किंवा यूएसबीने संगणकाला जोडून लय तिथून द्या.

वाजवणं

सुरावट फिरत असताना हात गोल बटणांवर ठेवा. सुरुवातीला कटऑफ जवळजवळ बंद, रेझोनन्स अर्ध्याच्या थोडा वर, डिके कमी. दोन मिनिटं काही करू नका. मग कटऑफ इतका हळू उघडा की ऐकणाऱ्याला कधी उघडला ते कळू नये. बढत करताना गवई वरच्या सा वर पोचायची घाई करत नाही, तोच संयम इथे लागतो. एका वेळी एकच बटण. कटऑफ पूर्ण उघडल्यावर डिके वाढवा. एन्व्हेलप मॉड सर्वांत शेवटी.

सोळा घरांची सवय झाली की लांबी बदलून पाहा. फंक्शन बटणाच्या साहाय्याने दहा घरं केलीत की झपताल, सात केलीत की रूपक. झपतालासाठी दोन-तीन-दोन-तीन असे विभाग धरून सहाव्या घरावर विश्रांती ठेवा, कारण खाली तिथे येते. रूपकात खाली समेवरच असते. तिथे पहिलं घर रिकामं ठेवून दुसऱ्यावर सा आणला, तर बेस समेनंतर एक मात्रा उशिरा येतो आणि चौथ्या मात्रेवरचा अ‍ॅक्सेंट फार खुलतो.