नाशिकच्या थंडीत घरची बाग: या चुका टाळा

नाशिकला हंगामी फुलांसाठी मिळणारे दिवस मोजके. साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रात्री गार, दुपारचं ऊन उबदार आणि पहाटे दव. पिटुनिया, फ्लॉक्स, डायंथस, शेवंती, गुलाब, मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर या सगळ्यांना हेच हवं असतं. तरीही पानं पिवळी पडल्याच्या आणि कळ्या न आल्याच्या तक्रारी याच दिवसांत ऐकू येतात. पाणी, खत, कुंड्यांची जागा हे सगळं पावसाळ्यात होतं तसंच पुढे चालू राहिलं, की असं होतं.

संध्याकाळचं पाणी

सर्वात जास्त झाडं जातात ती यानेच. कामावरून आल्यावर सातच्या सुमारास कुंड्या भिजवायच्या, हा उन्हाळ्यातला क्रम डिसेंबरातही सुटत नाही. रात्री झाड पाणी फारसं ओढत नाही. माती गार आणि ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजू लागतात. आपल्याकडची काळी माती तर पाणी धरून ठेवते. वरचा थर भेगाळला तरी आत ओल असते. म्हणून बोट दोन पेरं मातीत घालून बघा. कोरडं लागलं तरच पाणी द्या, आणि तेही सकाळी ऊन आल्यावर. खालची पानं पिवळी आणि माती ओली, तर पाणी जास्त झालंय. चार-पाच दिवस थांबा, खत अजिबात घालू नका. कडा करपून कुरकुरीत झाल्या आणि कुंडी उचलायला हलकी लागली, तर पाणी कमी पडतंय. पिवळं पान दिसलं की पाण्याचा मग उचलायचा, हे मात्र थांबवायलाच हवं.

कुंड्यांची जागा

डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. २१-२२ डिसेंबरला नाशिकमध्ये भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम ४६ अंशांवर येतो. म्हणजे गच्चीच्या दक्षिण बाजूला तीन फुटी कठडा असेल, तर त्याची सावली दुपारी बाराच्या सुमारासही जवळजवळ तीन फूट पडते. त्या कठड्याला टेकून ठेवलेल्या कुंड्यांना मे महिन्यात डोक्यावरचं ऊन मिळत होतं. आता दिवसभर सावली. गुलाबाला कळ्या नाहीत, पिटुनिया लांबट वाढलाय, अशी लक्षणं दिसली की औषध शोधण्याआधी कुंडी उत्तरेच्या बाजूला सरकवा किंवा विटांवर उंच करा. उत्तरेकडच्या बाल्कनीत फुलांचा हट्ट धरू नये. तिथे स्नेक प्लांट आणि फर्न शोभतात.

शेवंतीची अडचण याच्या उलट, तिला रात्री अंधार हवा असतो. रात्र मोठी झाली की ती कळ्या धरते. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड थेट अंगावर पडत असेल, किंवा बाल्कनीतला दिवा उशिरापर्यंत चालू राहत असेल, तर झाड हिरवंगार राहतं, पण फुलत नाही. रात्री अंधाऱ्या कोपऱ्यात हलवा. सोय नसेल तर दिवेलागणीपासून सकाळपर्यंत वर खोका ठेवा. कळ्या नीट दिसू लागल्या की इतकी काळजी लागत नाही.

निफाडचा आकडा वाचून घाबरणं

थंडीच्या बातम्यांत नाशिकजवळच्या निफाडचं तापमान येतं ते बहुधा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातलं, मोकळ्या शेतशिवारातलं. नाशिक शहरातल्या सिडको किंवा इंदिरानगरच्या इमारतींमधल्या बाल्कनीत सहसा तितकी थंडी उतरत नाही. तो आकडा बघून सगळी बाग प्लॅस्टिकने झाकली जाते, आत वाफ धरते, प्लॅस्टिकला चिकटलेली पानं काळी पडतात. कडाक्याच्या रात्री झाकायचं ते तुळस, अडेनियम, क्रोटन यांनाच. जुनी सुती साडी पुरते, आणि सकाळी ऊन आलं की ती काढायचीच. तुळशीच्या मंजिऱ्या मात्र वेळोवेळी खुडत राहा, नाहीतर ती लवकर काष्ठ धरते.

भुरी आणि मावा

गुलाब, डेलिया, मटार यांच्या पानांवर पिठासारखा पांढरा थर आला की ती भुरी. द्राक्षबागायतदारांना ती नवी नाही. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, असं फवारलं की आटोक्यात येते. माव्यासाठी, म्हणजे कोवळ्या शेंड्यांचा रस शोषणाऱ्या बारीक किडींसाठी, लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब. चूक होते ती दोन्ही पाठोपाठ फवारण्यात: गंधक आणि तेल यांत किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, नाहीतर पानं भाजतात. मावा थोडाच असेल तर सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन टाका. युरिया घालून कोवळी पालवी वाढवत राहिलात तर तो परत येणारच.

अवेळी छाटणी, अवेळी खरेदी

गुलाबाची मोठी छाटणी ऑक्टोबरातली. त्यानंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांत बहर येतो. डिसेंबरात झाड विस्कटलेलं वाटलं म्हणून बुडापासून छाटलं, की थंडीतली फुलं गेली. आता फक्त वाळकी फुलं, त्यांच्या खालच्या पहिल्या पाच पर्णिकांच्या पानापर्यंत कापायची. मोगरा या दिवसांत झोपलेला असतो, त्याला खत घालून उठवू नका. पाणी कमी करा, छाटणी जानेवारीअखेर.

जानेवारीत नर्सरीतून फुलांनी भरलेली रोपं आणण्याचा मोह होतो. ती घरी आल्यावर महिनाभरात ऊन तापतं आणि संपतात. नोव्हेंबरमध्ये कळ्या न धरलेली, बुटकी, भरीव रोपं घ्या, शेंडा खुडा, मग फांद्या फुटतील. कोथिंबीर आणि मेथी एकदाच भरपूर न पेरता पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरा. धने रगडून दोन फाकी करा, उगवायला दहा-पंधरा दिवस लागतात, तोवर ओल सुटू देऊ नका.

भेंडी, काकडी, दोडका यांचं बी जानेवारीच्या थंड मातीत उगवत नाही, बरेचदा तिथेच कुजतं. बी वाईट निघालं असं समजून दुसरं पाकीट आणू नका. तेच बी फेब्रुवारीच्या मध्यानंतर, रात्री कमी गार होऊ लागल्या की पेरा.