बरे-वाईट समाजच ठरवतो का, हे कसे तपासावे

‘बरे-वाईट असे मुळात काही नसते, ज्याचा त्याचा समाज ते ठरवतो’ हे विधान ऐकल्यावर ते घाईने मान्य करू नये आणि घाईने धुडकावूही नये. त्यासाठी आपल्या भागातले एक ठोस विधान हाती घ्यावे, उदाहरणार्थ ‘मुलीचे लग्न अठरा वर्षांच्या आत लावणे चूक आहे’, आणि त्याविषयी तीन प्रश्न वेगवेगळे लिहून काढावेत: लोक असे मानतात का, ते तसे का मानतात, आणि ते खरे आहे का. पहिल्याचे उत्तर पाहणीतून मिळते, दुसऱ्याचे इतिहासातून आणि अर्थकारणातून. तिसऱ्याचे मात्र या दोहोंतून मिळत नाही. केवळ ‘आहे’ यावरून ‘असावे’ निघत नाही, हा मुद्दा अठराव्या शतकात तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी मांडला. म्हणून ‘आमच्याकडे असेच चालते’ हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर ठरते, तिसऱ्याचे नव्हे.

यानंतर मतभेद नेमका कशाबद्दल आहे ते शोधावे. माझ्या मते सर्वांत जास्त वेळ इथेच द्यायला हवा. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या मध्यस्थाकडून, उचल (आगाऊ रक्कम) कोयत्यामागे मिळते, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास आईवडील फडावर निघाले की वयात आलेल्या मुलीला गावी कोणाच्या भरवशावर ठेवायचे, हा घोर त्यांना लागतो. तिचे लग्न लवकर उरकणारे आईबाप आणि त्याला विरोध करणाऱ्या तिच्या शिक्षिका या दोघांनाही मुलगी सुरक्षितच हवी असते. त्यांचा वाद ती सुरक्षितता कशाने मिळते याविषयी आणि गरिबीने किती पर्याय शिल्लक ठेवले याविषयी असतो. असा परिस्थितीचा भाग वेगळा काढला की मूल्यांचा खरा मतभेद पुष्कळ लहान होतो. तो पूर्ण संपत नाही, कारण मुलीच्या स्वतःच्या इच्छेला किती वजन द्यायचे हा प्रश्न उरतोच. पण मतभेद उरला म्हणून त्याला योग्य उत्तरच नसते, असे सिद्ध होत नाही.

आता विधान उलटवून पाहावे: सगळ्या गावाचे मत बदलले, तर ते कृत्य योग्य होईल का? 1978 साली मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव झाल्यानंतर मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली. समाजाची मान्यता हीच नीती असेल, तर ज्या गावांत बहुसंख्यांचा त्याला पाठिंबा होता तिथे ती जाळपोळ योग्य होती, असे म्हणावे लागेल. आणि श्राद्धाचे अन्न अस्पृश्य मानलेल्यांना वाढणारे एकनाथ पैठणच्या त्या काळच्या ब्रह्मवृंदापुढे चूक होते, असेही मानावे लागेल. हे निष्कर्ष मला स्वीकारता येत नाहीत, आणि ते केवळ माझ्या भावनेला रुचत नाहीत म्हणून नव्हे, तर बहुमताविरुद्ध दाद मागण्याची जागाच ते मिटवून टाकतात म्हणून. हीच कसोटी स्वतःलाही लावावी: माझे वाटणे हाच निकष असेल, तर माझ्याकडून कधी चूक होणेच शक्य नाही.

तरीही विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद ऐकल्याशिवाय थांबू नये. तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांचा 1977 मधला आक्षेप असा की, मतांपलीकडची मूल्ये खरोखर असतील, तर ती विश्वातल्या इतर कशासारखीच नसलेली, विचित्र वस्तू ठरतील. याला उत्तर देताना ‘कोणाच्याही मतावर अवलंबून नसणे’ आणि ‘कोणत्याही जिवावर अवलंबून नसणे’ यांत फरक करावा. काशीची कावड घेऊन जाताना नाथांनी ज्या तडफडणाऱ्या गाढवाला गंगाजल पाजल्याची कथा सांगतात, त्या गाढवाशिवाय ती तहान नव्हती. पण ती खरी आहे की नाही, हे पाहणाऱ्यांच्या मतावर ठरत नव्हते. नीतीचे स्वतंत्र असणे मला या अर्थाने पटते. वेदनेची वस्तुस्थिती कर्तव्यात कशी बदलते, ही ह्यूम यांची अडचण मात्र एवढ्याने सुटत नाही, आणि ती सुटली असे भासवू नये.

तपासणीत एक काम हमखास राहून जाते, ते म्हणजे ज्याच्यावर परिणाम होणार त्याला विचारणे. लग्नाच्या प्रश्नात आईबाप, भावकी, शिक्षिका, मुकादम या सर्वांची मते नोंदवली जातात, आणि मुलीचे म्हणणे कागदावर येतच नाही. ते तिच्याशी स्वतंत्रपणे, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या अनुपस्थितीत बोलून घ्यावे, आणि बाकीची मते वाचण्याआधी वाचावे.