जुन्या बेसबॉल स्टेडियमची खुर्ची: पारख, खरेदी आणि जपणूक

अमेरिकेतली बेसबॉलची जुनी मैदानं एकेक करून पाडली गेली: ब्रुकलिनचं एबेट्स फील्ड १९६० साली, न्यू यॉर्कचं पोलो ग्राउंड्स १९६४ साली, शिकागोचं कोमिस्की पार्क १९९१ साली. तिथल्या लाकडी खुर्च्या आजही विकायला येतात, पण अनेकदा अर्धी मूळ आणि अर्धी नंतर जोडलेली अशी. म्हणून पारख पायांपासून सुरू करा. फळ्या नव्या बसवता येतात, बिडाचे (ओतीव लोखंडाचे) पाय तितक्या सहज नाही.

एका रांगेत खुर्च्यांपेक्षा पाय एकाने जास्त असतात, कारण मधला प्रत्येक पाय दोन खुर्च्यांत सामायिक असतो. रांग कापून सुट्या खुर्च्या केल्या की पाय कमी पडतात आणि विक्रेते दुसरीकडचा पाय लावून देतात. दोन्ही पायांवरची नक्षी, ओतकामातले आकडे आणि रंगाचे थर जुळतात का, ते बघा.

रांगेच्या टोकाच्या नक्षीदार बाजूंना सर्वाधिक मागणी. पोलो ग्राउंड्सच्या अशा बाजूंवर 'एनवाय' ही अक्षरं एकमेकांत गुंफलेली आहेत. नकलाही त्यांच्याच जास्त होतात. मूळ बाजूचाच साचा करून नवी ओतली, तर बीड थंड होताना आकसतं आणि नक्कल सुमारे एक टक्क्याने लहान भरते. नक्षीच्या कडाही बोथट येतात. खात्रीच्या खुर्चीची मापं मिळवा आणि टेपने ताडून बघा.

रंग हा पुरावा आहे. न्यू यॉर्कच्या यांकी स्टेडियमच्या हिरव्या खुर्च्या १९६६-६७ च्या हिवाळ्यात निळ्या रंगवल्या गेल्या. त्यामुळे तिथल्या लाकडी खुर्चीवर निळ्याचा टवका उडाला असेल, तर खाली हिरवा दिसायला हवा. खुर्ची खरवडून नव्याने रंगवली की ही साक्ष कायमची जाते, आणि किंमतही. आम्ही तरी कुणालाच रंग काढायला सांगणार नाही.

नवख्याने कागदपत्रं असलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीपासून सुरुवात करावी. न्यू यॉर्कच्या मेट्स संघाच्या शे स्टेडियमच्या खुर्च्या २००८ साली जोडीला ८६९ डॉलरने विकल्या गेल्या. हा आकडा १९८६ आणि १९६९ या मेट्सच्या अजिंक्यपदांवरून बेतलेला होता. अलीकडच्या वस्तूंवर मेजर लीग बेसबॉलचा (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या संस्थेचा) क्रमांक असलेला होलोग्राम असू शकतो. ही पद्धत २००१ पासूनची. क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर तपासून मगच पैसे द्या.

घरी आणल्यावर पहिला प्रश्न खुर्ची उभी करण्याचा. काही पाय जमिनीला बोल्टने जोडलेले असत. अशी खुर्ची ४ सेंटिमीटर जाडीच्या एकाच फळीवर बसवा. काही पाय मात्र मागच्या पायरीच्या उभ्या काँक्रीटला जोडलेले असत. त्यांना तळच नसतो, म्हणून लोखंडी पट्टीचे आधार करून जुन्याच भोकांत बोल्टने आवळावे लागतात. आधाराची खोली निदान उघडलेल्या बैठकीइतकी ठेवा, नाहीतर बसणारा पुढे सरकताच खुर्ची उलटते. बिडाला वेल्डिंग करू नका. उष्णता एकाच जागी बसते आणि शेजारी तडा जातो.

गंजलेला बोल्ट हातोडीने ठोकला तर पायच मोडतो. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, मग पान्याने थोडं पुढे, थोडं मागे करत सोडवा. मूळ बोल्ट फेकू नका.

१९७८ पूर्वीच्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता असते (अमेरिकेत घरगुती रंगात त्यावर त्याच वर्षी बंदी आली). कोरडा सँडपेपर, ब्रश किंवा हीट गन वापरू नका. ओल्या फडक्याने पुसा, हातमोजे घाला, मुलांना दूर ठेवा. सुटणारे पापुद्रे पाण्यात मिसळणाऱ्या मॅट वॉर्निशच्या पातळ हाताने बसवा. लोखंडावर रंग उरला नसेल तिथला सुटा गंज बारीक स्टील वूल तेलात भिजवून काढा आणि वर मेणाचं पॉलिश द्या.

खुर्च्यांखेरीज स्टेडियमच्या विटाही विकल्या जातात; त्यांच्या बाबतीत कडक राहा. स्टेडियमची वीट इतर विटांसारखीच दिसते. पाडकामाच्या वेळचं पत्र नसेल तर घेऊ नका. तिकिटं आणि स्कोअरकार्डं पीव्हीसीच्या पाकिटात ठेवली तर चिकटतात आणि पिवळी पडतात, त्यासाठी पॉलिएस्टरची पाकिटं वापरा. खुर्चीची पावती, विक्रेत्याचं पत्र आणि काही बदलण्याआधी काढलेले फोटो एकाच फाइलमध्ये ठेवा. पुढच्या खरेदीदाराला ती फाइल खुर्चीसोबतच द्यायची आहे.