रब्बीत रानपिंगळ्याची ढोली सांभाळा

मेळघाट, यावल, तोरणमाळ भागात ज्यांची शेती जंगलाला लागून आहे, त्यांच्यासाठी हा सल्ला. रानपिंगळा म्हणजे जंगलातलं लहान घुबड. त्याचा विणीचा काळ ऑक्टोबर ते मे, म्हणजे हरभरा पेरण्यापासून मोह वेचून होईपर्यंत. १८८४ नंतर शंभरहून अधिक वर्षे हा पक्षी हाती लागला नव्हता. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला.

गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं, छातीवर गडद तपकिरी पट्टा, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले, नख्या दणकट. भर दिवसा उघड्या फांदीवर बसून शेपटी झटकत असेल, तर नीट बघा.

घरट्यासाठी तो स्वतः खोड पोखरत नाही, आयती ढोली शोधतो. म्हणून बांधावरचं जुनं, पोकळ झाड पाडू नका. वठलेल्या खोडाला भोक असेल तर सरपणाला दुसरं लाकूड बघा. नवं रोप लावलं तरी त्यात ढोली व्हायला एक पिढी जाते.

उंदरांचा बंदोबस्त करायचाच आहे, पण आधी बिळं बुजवा, सापळे लावा. ब्रोमॅडिओलोन हे उंदरांचं विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. दोन-चार दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो आणि घुबडाच्या आयता तोंडी लागतो. विष वापरावंच लागलं तर ते बिळातच टाका, रोज सकाळी मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा. हा त्रास कुणाला नको असतो, पण तो टाळून चालणार नाही.

हरभऱ्यात घाटे अळीसाठी पक्षी थांबे, म्हणजे पक्ष्यांना बसायला काठ्या, उभारा. त्यावर रानपिंगळा बसेलच असं नाही. कोतवाल आणि साळुंक्या मात्र येतात, आणि फवारणीचा खर्च वाचू शकतो.

मोहाखालचा पाचोळा पेटवू नका, झाडून घ्या. आग सुटली तर सरडे, पाली, किडे, उंदीर म्हणजे रानपिंगळ्याचं सगळं खाद्य होरपळतं, आणि वठलेलं खोड तर आतून धुमसत राहतं.

ढोली सापडली तर ठिकाण फोटोवाल्यांना सांगू नका. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर काढणारे पुष्कळ आहेत. मांत्रिकासाठी घुबड मागणारा कुणी आला, किंवा पिल्लू खाली पडलेलं दिसलं, तर वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. पिल्लू घरी आणू नका.